कोरड्या ओढ्यातला धुण्याचा दगड

बंगल्यांच्या आवारात कोरडे ओढे बांधून देणं हा माझा धंदा. वळणावळणाने चर खणायचा, तळाला कापड अंथरायचं, वर गोटे ओतायचे, काठाला मोठे दगड बसवायचे. पावसात छपराचं पाणी त्यातून निघून जातं. एरवी नुसती शोभा. आटगावला दुसऱ्यांच्या गोदामात पाठीवर पोती वाहिली, तेव्हा कुठे स्वतःचा टेम्पो झाला. म्हणून कोणी भाव पाडून मागितला की माझं डोकं तापतं.

मुरबाडकडच्या एका बंगल्यातल्या मॅडम मात्र माझ्याच तोडीच्या निघाल्या. आवारातून समोर सिद्धगड दिसतो, तिथे त्यांना ओढा हवा होता.

"पाणी तर नाहीच त्यात. मग कोरड्या ओढ्याचे एवढे कसले?"

"पाणी वरून फुकट येतं, मॅडम. दगड मला उचलावे लागतात."

त्या हसल्या. माझा भाव मान्य केला, पण अट घातली: ओढा ओलांडायला मधोमध एक मोठा, सपाट, गुळगुळीत दगड पाहिजे.

तसा दगड माझ्या पाहण्यात होता. शेणव्याजवळ आमच्या शेताच्या कडेने ओहोळ जातो. उन्हाळ्यात तो आटतो आणि एक डोह तेवढा उरतो. त्या डोहाच्या काठावरचा दगड मी चार माणसं लावून, पहारी घालून उपटला. पाच-सहा बाया तिथे कपडे धूत होत्या. त्या हात थांबवून बघत राहिल्या. आई त्या आठवड्यात मावशीकडे गेली होती.

दगड बसला सुंदर. मॅडम चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या. "किती वर्षं पाण्याने घासला असेल," म्हणाल्या. मीही मान डोलावली. खाली सिमेंटचा माल ठासून भरला. माझ्या कामातला दगड डुगडुगत नाही, हे मी सगळ्यांना ऐकवत असतो.

आई परत आली. दुसऱ्या दिवशी धुण्याची बादली घेऊन गेली आणि कोरडे कपडे तसेच घेऊन घरी आली.

"माझा दगड कुठंय रे?"

मला कळायला वेळ लागला. डोहावर प्रत्येकीचा आपापला दगड असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. हा आजीचा. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीने तो तिला दिला. पाण्याने नव्हे, या दोघींच्या धुण्याने तो गुळगुळीत झाला होता. मी घरी कपडे धुवायचं मशीन आणून ठेवलं होतं; वर्षभर त्यावर तांदळाचा डबा होता.

मी तडक डोहावर जाऊन बायांवर ओरडलो. एक म्हातारी काकू लुगडं पिळता पिळता म्हणाली, "आमी काय बोलनार? तू आयकतोस कुनाचं? दगड काढलास त्या दिशी बी ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेलास, गाडी वाकडी लावली म्हनून."

बाकीच्या खाली बघून हसल्या. पाच-सहा जणींपैकी एकीने तरी तोंड उघडायला हवं होतं. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मॅडमकडे मी घासाघीस करायच्या तयारीने गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा. आईंचा दगड मी कशाला ठेवू?"

मी स्वतः पहार घातली. खालचा माल दगडाहून घट्ट झाला होता. चौथ्या घावाला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत चीर गेली, केसासारखी बारीक. आणखी एक घाव, आणि दोन तुकडे झाले असते. मी चिरेत बोटाने ओली माती दाबली आणि पहार टेम्पोत टाकली.

आईला सांगितलं, "मॅडम देत नाहीत."

"तू वरडला असशील तिच्यावर," ती म्हणाली. "जाऊ दे."

मग तिने मशीनवरचा डबा खाली उतरवला आणि कुठलं बटण दाबायचं ते विचारलं.