मावशींनी ऐकलं होतं

बायकांच्या वॉर्डात फरशी पुसता पुसता मावशींची चोवीस वर्षं गेली. माहेर डोंगरापलीकडचं, तिथली बोली निराळी. सासरी आल्यावर त्यांनी इकडची भाषा अशी घोटवली, की मुलं म्हणायची, "आई, तू चिडलीस की मगच डोंगरातली होतेस."

एकदा त्या कुणा पेशंटच्या वतीनं बोलायला गेल्या, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी चारचौघांत सुनावलं होतं, "मावशी, तुमचं काम फरशीचं. डॉक्टरकीत नाक खुपसू नका." तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर बांधकामावरची एक बाई होती. अंगात ताप. नवरा खाली केसपेपरच्या रांगेत. नर्स इंजेक्शन घेऊन आली तशी बाई अंग चोरून सांगायला लागली, "हे मला चालत नाही. मागच्या वेळी श्वास कोंडला होता." पण सांगत होती डोंगरातल्या बोलीत.

"सुईला घाबरतेय," नर्स म्हणाली आणि मायेनंच तिचा दंड धरला. "काही नाही होत गं, मुंगी चावल्यासारखं."

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. शब्द न् शब्द कळला होता. बोलू की नको करत त्यांनी मोठ्या सिस्टरांच्या टेबलाकडे पाहिलं. तेवढ्यात सुई टोचून झाली.

मग धावपळ उडाली, ऑक्सिजन लावला, डॉक्टर छाती दाबत राहिले. अर्ध्या तासात बाई गेली.

दुपारी तरुण डॉक्टरांनी मावशींना बोलावलं. "तुम्हाला यांची भाषा येते ना? नवऱ्याला सांगा, अचानक झालं."

"अचानक नाही झालं, डॉक्टर. ती सांगत होती. मी ऐकत होते."

डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला. म्हणाले, "मग तसंच सांगा."

मावशींनी सगळं सांगितलं. नवऱ्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू का नाही बोललीस, ताई?"

नोकरी, सिस्टर, मागचा अपमान, सगळं ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. "भ्याले," एवढंच त्या म्हणाल्या.

चौकशी झाली. मावशींनी जबाबावर सही केली. ती नर्स त्यांच्या कुशीत शिरून रडली. मावशी तिला थोपटत राहिल्या. पुढे पेशंटला त्याची भाषा आधी विचारायची असा नियम आला आणि केसपेपरच्या खिडकीशेजारी दुभाषी म्हणून मावशींना खुर्ची मिळाली. लोक कौतुक करतात. मावशी विषय बदलतात.

डोंगरापलीकडचं कुणी आलं, की काम झाल्यावर त्या हळूच त्या गेलेल्या बाईच्या नवऱ्याची चौकशी करतात. परवा कळलं, तो गावी परतलाय. खोकल्यानं पार खंगलाय, पण दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही.