काठीनं सरकवलेली घागर

मिशनच्या शाळेचा तो पहारेकरी आमच्या गल्लीच्या नळावर पहाटेच यायचा आणि "तुमी घ्या की" म्हणत सगळ्यांच्या मागं राहायचा. तो किरिस्ताव झालेला. त्यानं पाणी भरलं की त्याच्या शेजारची म्हातारी शिव्या देत नळ राखेनं घासायची. तो नुसता हसायचा.

एकदा रांगेत घागर ठेवून म्हातारी तापानं घरी जाऊन पडली. लोक तिची घागर बाजूला सारायला लागले, तसा हा पुढं आला आणि हातातल्या काठीनं ती हळूहळू नळाकडं सरकवत राहिला.

"अरे, रोज शिव्या देते ती तुला!" मी म्हणालो.

"व्हय. पर माजी शेजारीण हाय की."

नळाशी पोचल्यावर तो बाजूला झाला. "तुमीच भरून न्या. माजा हात लागला, तर तापात उठून घासत बसंल."