नळ आला, काका नव्हते

आज आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत आठवड्यानं नळ आला. नवं पाणी भरायचं म्हणून सगळ्यांसारखी मीही ड्रममधलं जुनं पाणी नालीत ओतायला लागले.

समोरचे काका असते तर म्हणाले असते, "पाणी कधी शिळं होतं व्हय?" घरोघरचं असं पाणी ते बादलीनं नेऊन कोपऱ्यावरच्या जांभळाच्या रोपाला घालायचे. गेल्या महिन्यात काका गेले.

आज काकू एकट्याच दारात उभ्या होत्या. नालीकडं बघत म्हणाल्या, "ओत बाई. आता न्यायला कोण हाय?"

मला पुढं ओतवेना. उरलेलं पाणी घेऊन रोपापाशी गेले. पानं वाळून गेली होती. आळ्यात ओतलेलं पाणी लगेच जिरलं.

मागून काकूही बादली घेऊन आल्या. "जगंल का गं?"

मी त्यांची बादलीही आळ्यात ओतली.

तुमच्याकडं नळ आल्यावर जुनं पाणी कुठं जातं?