गती बरोबर

गल्लीत आमच्या ह्यांना अचूकराव म्हणतात. तोंडावर नाही, पण ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे मागच्या खोलीतल्या चहालाही घड्याळ लागतं. तीन मिनिटांनी उतरवायचा. साडेतीन झाली की ह्यांचं तोंड वाकडं. ह्यांच्याकडे एक तपासणीची कॅसेट आहे. तिच्यावर गाणं नाही, नुसती एक लांबलचक शिट्टी. ती ठरल्या सुरात वाजली की मशीनची गती बरोबर. छत्तीस वर्षं मी ती ऐकतेय. मला कुणी गायला सांगितलं तर तीच निघेल.

एके दिवशी एक शिक्षिका पिशवीतून खांद्याला अडकवायचा जुना टेप घेऊन आली. तिच्या वडिलांचा. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि टेप तेव्हापासून माळ्यावर पडून होता. सेल आतल्या आत फुटून पत्र्यांवर हिरवट थर चढला होता, रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. आत एक कॅसेट होती. वडिलांनी ह्याच टेपवर स्वतःचा आवाज भरला होता.

“आई म्हणते, बाबांचा चेहरा दिसतो, पण आवाज आठवेनासा झालाय,” ती म्हणाली. “तेवढं जमलं तर बघा, काका.”

तीन आठवडे हे त्या डबड्याच्या मागे हात धुऊन लागले. व्हिनेगरने पत्रे घासले, स्पिरिटच्या बोळ्यांनी डांबर काढलं, त्या मापाच्या पट्ट्यासाठी बाजार पालथे घातले. बटणांच्या फटींतला मळ माझ्या जुन्या टूथब्रशने काढला. ब्रश जुना नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी दात घासताना कळलं. शेवटी शिट्टी लावून, मोटरच्या पाठीवरच्या भोकातला स्क्रू फिरवून गती नीट केली आणि तळाला नेहमीची चिठ्ठी चिकटवली. वर तारीख, खाली ‘गती बरोबर’.

शिक्षिका आईलाच घेऊन आली. मावशी हातरुमाल मुठीत धरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. ह्यांनी बटण दाबलं. एक बारीक, घाईघाईचा आवाज नवीन मशीनबद्दल काहीतरी बोलू लागला.

मावशींनी पुरतं ऐकलं. मग मान हलवली. “हे आमचे नव्हेत. ह्यांना जन्मात कधी एवढी घाई नव्हती.”

“मशीन अचूक आहे, मावशी. आवाज हाच.”

“मग मीच विसरले असेन,” त्या म्हणाल्या आणि उठण्यासाठी लेकीचा हात शोधू लागल्या.

माझं डोकंच फिरलं. बिचारी थोडीफार आठवण घेऊन आली होती, तीही आम्ही काढून घेतली. मी म्हटलं, “ज्या माणसाशी चाळीस वर्षं भांडल्या त्याच्या आवाजात त्या चुकतील, की तुमची शिट्टी?”

ह्यांचे कान लाल झाले. राग आला की होतात. पण टेप उलटा करून बघत बसले. मग विचारलं, “मावशी, हा कधी कुणी उघडला होता?”

“ह्यांनीच. गाणारे फार पळतात म्हणायचे. आणल्या दिवशीच मागचं झाकण काढून काहीतरी पिळलं. मग सगळी गाणी रमतगमत चालायची.”

हे स्टुलावर बसले. टेप पहिल्यापासूनच हळू केलेला, आवाज त्या हळू गतीवर भरलेला. ह्यांनी गती नीट केली म्हणूनच तो पळत होता. आणि स्क्रू आधी कुठे होता त्याची खूण ह्यांनी ठेवली नव्हती.

“माझं चुकलं,” हे म्हणाले. छत्तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं. मावशींच्या नशिबी होतं, माझ्या नाही.

शिट्टीची कॅसेट ह्यांनी खणात टाकली. टेप चालू ठेवून मागचं झाकण उघडलं, स्क्रूवर पेचकस टेकवला. “कुठे थांबायचं ते आता तुम्ही सांगा.”

मावशींनी डोळे मिटले. आवाज हळूहळू जड होत खाली येऊ लागला.

“अजून. अजून थोडं. आता जास्त झालं, एवढेही आळशी नव्हते. जरा मागे.” मग एकदम म्हणाल्या, “बास.”

एक भरदार, निवांत आवाज म्हणत होता, “आता आमच्या बाईसाहेब दोन शब्द बोलतील.” लांबून एका तरुण बाईचा आवाज आला, “दूध उतू जातंय, तुमचं चालू द्या.”

मावशी हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. लेक त्यांच्या पायाशी बसली. मीही रडले, त्यात काय लपवायचं.

ह्यांनी माझ्याकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्क्रू आता हलू नये म्हणून त्यावर लाल ठिपका दिला. झाकण लावलं. मग टेप उलटा करून तळाची चिठ्ठी नखाने उचकटू लागले. मधेच थांबले. वाचली. आणि अंगठ्याने दाबून पुन्हा घट्ट बसवली.