भिकुमायचं तेल

शी! तो फलक दिसला की मी तोंड फिरवते. नंदुरबारच्या आमच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळवतात त्या मैदानावर, कडुनिंबाला ठोकलाय तो. त्याच्यावर दात काढून हसणारी बाई म्हणजे मीच, फरजाना, मिरचीचे देठ खुडणारी.

त्या कडुनिंबाखाली वीस वर्षं भिकुमाय बसायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, लसणाची चटणी आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. आम्हा बायकांची न्याहारी तीच. मिरचीनं कुणाचे हात पेटले असले, तर म्हातारी घास मोडून भरवायची. नवरा गेला, लेक सुरतेला जाऊन विसरला, पण कुणापुढे रडली नाही. "हाई झाडच मन्हं घर शे," म्हणायची.

या हिवाळ्यात पाकीटबंद न्याहारीच्या कंपनीचे हेमकांत साहेब आले. म्हणे धडधाकट माणसांवर अभ्यास आहे. आठ आठवडे सकाळी फक्त त्यांचं पाकीट खायचं, त्यात ई-जीवनसत्त्व घातलंय. आधी रक्त तपासणार, शेवटी पुन्हा. पुरतं करील तिला स्टीलचा मोठा डबा. आम्ही चाळीसजणी तयार.

पाकिटात निघाले मक्याचे गोड पोहे. दुधात घालून खा म्हणे! दूध काय यांच्या सासऱ्याच्या गोठ्यातून आणायचं? कोरडं भुसकट घशात अडकायचं. मग खान्देशात कुणीही करील तेच आम्ही केलं. वर कांदा, चटणी अन् भिकुमायचं तेल. भाकरीला चमचाभर पुरतं, त्या भुशाला अर्धी वाटी लागायची. तिची भाकरी खपत नव्हती, तरी ती रोज ओतायची. पैसे पुढे केले तर म्हणाली, "तेलना काय पैसा लेऊ, पोरी?"

शेवटच्या दिवशी साहेबांनी कागद काढला. पाकिटाशिवाय सकाळी काय खाल्लं?

"तेल. भिकुमायचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तेलातही ई असतं. ते लिहिलं तर तुमचं नाव बाद, डबाही बाद."

मी म्हटलं, "मग काहीच नाही, लिहा." अन् चांगली वळणदार सही केली. माझ्यामागे एकोणचाळीसजणींनी तेच केलं.

रक्तातलं ई वाढलं. पोह्यांनी वाढलं की तेलानं, अल्ला जाणे, पण फलकावर नाव पाकिटाचं लागलं अन् फोटो माझा. पथारीचे मालक रूपचंद शेठ खूश. कडुनिंबाची सावली त्यांनी कंपनीच्या टपरीला दिली आणि भिकुमायला सांगितलं, उघड्या तेलानं रोग होतात, ऊठ इथून. साहेब शेजारी उभे राहून मान डोलवत होते. लाज कशी वाटत नाही मेल्याला! अन् आम्ही? आम्ही चाळीसजणी खाली बघून देठ खुडत राहिलो. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या! थू आमच्यावर.

आता भिकुमाय फाटकाबाहेर गटारीच्या कडेला उन्हात बसते. काल मी मान खाली घालून भाकरी मागितली. तिनं चटणी ठेवली, तेल ओतलं, पहिल्याइतकंच. मग विचारलं, आणि त्यात टोमणासुद्धा नव्हता, "रगत चांगलं निंघनं ना तुन्हं, पोरी?"

उत्तर द्यावं लागू नये म्हणून मी अख्खा घास तोंडात कोंबला.