हंसाबाईंचं रडणं

मराठी गोष्टीतली बाई वेडी झाली की आधी तिचे केस सुटतात. मग ती विनाकारण हसते, चिंध्यांचं बाळ करून मांडीवर घेते आणि शेवटच्या पानावर विहीर जवळ करते. लेखकाला बक्षीस मिळतं. मी शाळेत मराठी शिकवते. असल्या गोष्टी घसा कोरडा करून मुलांना समजावल्या आहेत. पण गोष्टीतलं वेड एका जित्याजागत्या बाईच्या गळ्यात बांधलेलं पाहिलं, तेव्हापासून माझंच डोकं ठिकाणावर नाही.

ती बाई म्हणजे आमच्या तांड्यावरच्या हंसाबाई. पुसदपासून आत, टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांची वस्ती आहे, तिथे माझी शाळा. मी रुजू झाले तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी पोरीयले वाचनं शिकवा. मी रडनं शिकवतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरं होतं. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना नुसती रडत नाही, गाऊन रडते. त्याला ढावलो म्हणतात. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि त्याच्यापुरते शब्द गुंफून निरोप घ्यायचा. आईचा वेगळा, भावाचा वेगळा, गोठ्यातल्या बैलाचासुद्धा वेगळा. हे आपोआप येत नाही. लग्न ठरलं की पोरी हंसाबाईंकडे शिकायला जायच्या. श्वास कुठे सोडायचा, हुंदका कुठे अडवायचा हे त्या स्वतः रडून दाखवायच्या, आणि रडून झालं की पदरानं तोंड पुसून चहा मागायच्या. त्यांची नात बबिता तेव्हा माझ्या वर्गात होती. "इले असं शिकवीन, का नवरदेव बी रडन," असं त्या म्हणायच्या. त्यांना आयुष्यात एवढंच एक करायचं राहिलं होतं.

मग एका कॉलेजचं शिबिर तांड्यावर आलं. सोबत कथा लिहिणारे एक प्राध्यापक होते. संध्याकाळी हंसाबाई गोठ्यात एका पोरीला बैलाचा निरोप शिकवत होत्या. बैलाच्या मानेला मिठी मारून रडल्या, मग हसत बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "बसा ना, चाय घ्या." सरांनी चहा घेतला. दिवाळी अंकात गोष्ट आली ती अशी, की तांड्यावरची हंसा मुलीच्या मरणानं वेडी होते, बैलाला मुलगी समजून रडते आणि रडता रडता हसत सुटते. केस अर्थातच मोकळे. हंसाबाईंची मुलगी नांदेडला सुखात नांदते आहे.

मी सरांना फोन केला. "शेजारी शिकणारी पोरगी बसली होती, ती कुठे गेली?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती ठेवली असती तर गोष्टच उभी राहिली नसती." नाव तरी बदलायचं, म्हटलं. तर म्हणाले, नाव फार सुंदर होतं. मी फोन आपटला, एवढंच मला जमलं.

गोष्टीला बक्षीस मिळालं. एका विद्यार्थिनीनं तिचा एकपात्री प्रयोग केला, त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत फिरत तांड्यात आला. पोरं हंसाबाईंना बघून बैलासारखी हंबरायला लागली. आधी त्या काठी घेऊन मागे धावल्या. त्यावरही लोक म्हणाले, पाहा. मग पोरींच्या आया शिकायला पाठवेनात. वेड्या बाईकडे बसलेली पोरगी कोण करून घेईल?

बबिताचं दिग्रसकडे जमलं, तेव्हा पाहुण्यांनी व्हिडिओ पाहिलेला होता. शाम, म्हणजे बबिताचा बाप, हंसाबाईंचा मुलगा, माझ्याकडे आला. माणूस वाईट नाही, घाबरलेला होता. "माय येडी नाही हे मले बी समजते, मॅडम. पन जमलेलं मोडलं तं पोरीनं काय करावं?" त्यानं आईला यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. काय होतं, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, रडते, मग लगेच हसते, बैलाशी बोलते. दुसरं त्याच्याजवळ सांगायला होतं काय? गोळ्या सुरू झाल्या. हंसाबाई दिवसभर पेंगायला लागल्या. बबिता चोरून त्यांच्याजवळ बसायची, पण पहिल्या दोन ओळींपुढे शिकवणी गेली नाही.

लग्न डीजे लावून झालं. निघायच्या वेळी मात्र बबितानं गाणं थांबवायला लावलं आणि धावत येऊन आजीच्या गळ्यात पडली. दोन ओळी तिनं म्हटल्या. तिसरीला अडली, आणि वाट बघत राहिली, आजी पुढची उचलेल म्हणून. भोवती मोबाईल वर झाले. हंसाबाईंनी ते मोबाईल पाहिले, पाहुण्यांच्या बाया पाहिल्या. तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी नातीचे हात स्वतःच्या मानेवरून काढले आणि हळूच म्हणाल्या, "जाय बाई. उशीर होते."

पोरगी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसली. तिची सासू माझ्या कानाशी लागली, "लोक काय बी सांगतेत. म्हातारी तं चांगली शहानी हाये!"

गाडी गेल्यावर मी हंसाबाईंना मागच्या अंगणात नेलं. म्हटलं, आता कोणी नाही, आता रडा. त्यांनी खरंच प्रयत्न केला. मान वर केली, श्वास घेतला, पदर तोंडाशी धरला. मग पदर खाली सोडला. "येऊनच नाही राह्यलं, मॅडम," म्हणाल्या.

मलाच रडू फुटलं. सूर ना शब्द, नुसतं भेसूर. हंसाबाईंनी घाईनं इकडेतिकडे पाहिलं, हातानं माझं तोंड दाबलं आणि कुजबुजल्या, "हळू, मॅडम, हळू. कोनी पाह्यलं तं तुमाले बी येडी म्हनतीन."