बापूंनी तपासलेली झोप

सकाळचे साडेदहा वाजलेत आणि भूपाल मगदूम झोपायच्या तयारीला लागलाय. गावाची कामं आता कुठे रंगात येतायत, शेजारच्या कांडप यंत्रावर मिरचीची पहिली पोती उघडलीत, आणि हा बाबा अंगावर चादर ओढून छताकडे बघत पडलाय. साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याची रात्र अशीच दिवसाढवळ्या सुरू होते. खिडकीतून ऊन येऊ नये म्हणून त्रिशलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, काळं कापड ठोकून दिलंय. ऊन थांबलं, पण झोप काही आली नाही.

भूपाल पॅनमन आहे. उसाचा आटवलेला रस पॅन नावाच्या भल्यामोठ्या बंद भांड्यात शिजवायचा आणि नेमक्या घडीला त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे त्याचं काम. कारखान्यात साहेब पुष्कळ, त्यांच्याकडे यंत्रंही पुष्कळ. पण दाणा धरलाय की नाही, हे शेवटी भूपालच्या अंगठ्याला आणि तर्जनीलाच विचारतात. असे बावीस हंगाम झाले. त्याचा त्याला अभिमान आहे आणि तो लपवून ठेवायची त्याला सवय नाही.

फक्त दिवाळीपासून झोपेने दगा दिलाय. आठ तास अंथरुणात लोळलं तरी उठताना अंग जड, डोळ्यांत वाळू. त्यातच महिन्यापूर्वी एक पॅन हातचा गेला. साहेबांनी विचारलं तेव्हा हा म्हणाला, "स्टीम कमी पडली." साहेब म्हणाले, "भूपालअण्णा, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार." तो विश्वास त्याला अजून टोचतोय.

पलंगाशेजारच्या स्टुलावर तीन उमेदवार उभे आहेत. त्रिशलाने जायफळ उगाळून दिलेलं दूध, त्याच्यावर आता साय धरलीय. ते बिचारं निरुपद्रवी, पण रोज घेतलं की भूपालचं पोट साफ होत नाही. दुसरी, सांगलीला नर्स असलेल्या लेकीने, सन्मतीने पाठवलेली मेलाटोनिनची डबी. ही सौम्य आहे, असं लेक म्हणते, पण ठरल्या वेळेला घ्यावी लागते. आता ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याने ठरलेली वेळ आणायची कुठून? आणि तिसरी डॉक्टरांनी दिलेली झोपेच्या गोळ्यांची पट्टी.

पट्टीबरोबरचा कागद भूपालने दाणा बघायच्या भिंगातून वाचलाय. डोकं जड राहणं, विसर पडणं, सवय लागणं, तोल जाणं. लिहिणाऱ्याला पॅनचा मजला ठाऊक नसावा. तिथे तोल गेला तर माणूस थेट दोन मजले खाली सापडतो. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. घोरताना श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. ती वाचून भूपालने कागदाची घडी घातली.

कारण डॉक्टरांनी विचारलं होतं, "घोरता का?" आणि हा म्हणाला होता, "छे!"

घरी त्रिशला कानीकपाळी ओरडून सांगतेय, "अहो, तुमी घोरता घोरता मधीच थांबता. सांगितलासा काय डॉक्टरास्नी?" पण हो म्हटलं की यंत्र लावून तपासणी, तपासणीत काही निघालं की रात्रपाळी बंद, म्हणजे पॅन बंद, आणि मग गोदामात पोती मोजत बसायचं. भूपाल मगदूमने? बावीस हंगामांनंतर?

तो पट्टीतली एक गोळी काढतो, मोडतो, अर्धी तळहातावर घेतो. मग विचार करतो, पाच मिनिटं पडून बघू. नाहीच लागली तर घेऊ. अर्धी गोळी परत स्टुलावर ठेवून तो डोळे मिटतो.

कांडप यंत्र धपधपतंय. धपधप लांब जाते, परत जवळ येते, पलंगाखाली येते. पायथ्याशी कुणीतरी बसल्यासारखी गादी दबते.

हुसेनबापू मुजावर बसलेत. भूपालचे वस्ताद. यांनीच त्याला पॅन शिकवला. चार वर्षांपूर्वी रात्रपाळी करून आले, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. झोपेत गेला, नशीबवान, असं सगळं गाव म्हणालं होतं. भूपालही म्हणाला होता. बापूंच्या अंगात तोच खाकी सदरा आहे, कोपरावर ठिगळ लावलेला.

"काय रं भूपाल्या, औषधाचं दुकान मांडलंयस व्हय?"

"बापू, तुमी? बसा की नीट वर. च्या टाकाय सांगू?"

"च्या नगं. ऊठ. पॅन लागलाय."

भूपाल पाय खाली सोडतो तर पायांना लोखंडी जाळी लागते, गरम. कपाट जिथे असतं तिथे पॅन उभा आहे. त्याच्या काचेमागे काहीतरी संथ उकळतंय. धपधप आता पॅनमधली हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची आहे आणि खिडकीवरच्या काळ्या कापडाचा बोर्ड झालाय. याचं भूपालला काहीच नवल वाटत नाही. नवल वाटतं ते एवढंच, की पॅनला रसाचा वास येत नाही.

"आत काय शिजतंय बापू?"

"तुझी झोप."

"मग हितलं कुठलं टाकू त्यात?" भूपाल स्टूल पुढे सरकवतो.

बापू दुधाचा वास घेतात. "त्रिशलानं दिलंय न्हवं? चांगलंच असणार. पर असल्या दुधानं पॅन चालत न्हाई." डबी उचलून उन्हात धरतात. ऊन कुठून येतंय कळत नाही. "पोरीची व्हय? शानी हाय पोरगी. पर तिला तू समदं सांगितलाईस काय?"

भूपाल डबी त्यांच्या हातून काढून घेतो. गोळ्यांच्या पट्टीला बापू हातच लावत नाहीत.

"ही मी बी घेत हुतो," एवढंच म्हणतात.

तेवढ्यात पंप थांबतो. एकदम. काचेमागचं उकळणं जागच्या जागी थिजतं, आणि भूपालला वाटतं आपल्या छातीवर कुणी पोतं ठेवलंय. एक, दोन, तीन... मग खालच्या अंगाला कुणीतरी नळीवर पाना हाणतं, टण्ण! पंप हिसका देऊन सुरू होतो.

बापू खडूने बोर्डावर एक उभी रेघ ओढतात.

"खाली कोण हाय, बापू?"

"असंल कोणतरी पाळीवालं," बापू म्हणतात. नमुना काढायची सळई पॅनमध्ये घालून ते बाहेर ओढतात, काचेवर पुसतात आणि काच उजेडासमोर धरतात. "बघ."

भूपालला भिंग लागत नाही. काचेवर पीठ पसरलंय. खोटं दाणं! पॅनमनला याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. पॅनमधलं व्हॅक्यूम कमी-जास्त झालं, रसाला धक्का बसला की चांगल्या दाण्यांच्या मध्येच बारीक दाण्यांची पैदास होते. लांबून बघणाऱ्याला वाटतं पॅन भरलाय. प्रत्यक्षात हाती काही लागत नाही, सगळं पाण्यात विरघळवून पुन्हा शिजवायला घ्यावं लागतं.

"तुला झोप येत न्हाई असं कोण म्हनतंय?" बापू सांगतात. "येती की. पर पंप थांबतोय, दणक्यानं परत चालू हुतोय, आन् दाणा फुटतोय. आठ तास पडलास तरी उठताना पीठच."

"मग गोळीनं गाढ लागंल की."

"पंप बिघडलाय आन् तू रस वाढवाय निघालाईस! असलं डोकं चालवलं असतंस तर मी तुला पॅनवर उभा केला असता व्हय रं?"

भूपाल मान खाली घालतो. खाली दवाखान्याची फरशी आहे. दोघे बाकावर बसलेत, बापूंच्या हातात केसपेपर आहे. आतून डॉक्टर विचारतात, "घोरता का?" आणि बापू भूपालच्या आवाजात म्हणतात, "छे!"

"बापू, हे तर माझं..."

"तुझं कसलं? माझंच हाय. तू निस्तं उचललंस."

बाकाशेजारी शेवग्याचं झाड आहे. झाडाखाली बाज, बाजेवर बापू झोपलेत, तोंड उघडं. बाकावरचे बापू झोपलेल्या बापूंकडे बघतायत. शेवग्याची पांढरी फुलं त्या झोपलेल्याच्या सदऱ्यावर पडतायत. घोरणं चाललंय, चाललंय, आणि थांबतं.

दोघे वाट बघतात. भूपाल पाना वाजायची वाट बघतो. तो वाजत नाही.

"सलमा रानात भांगलाय गेली हुती," बापू बायकोबद्दल सांगतात, अगदी साध्या आवाजात. "खाली कोण नव्हतं. ती रोज म्हनायची, मधीच थांबता तुमी. मी हसायचो. म्हटलं, चाळीस हंगाम केलेला गडी मी, मला काय धाड भरलीया. आन् वर लोक म्हनत्यात, नशीबवान! मला इचारलं काय कुणी?"

भूपालच्या डोळ्यांना पाणी येतं. चार वर्षं त्याने बापूंच्या मरणाचं कौतुक सांगितलं होतं, अगदी चहाच्या टपरीवरसुद्धा. त्याची त्याला लाज वाटते.

"पूस डोळं," बापू म्हणतात. "बोर्ड बघ."

बोर्डावर आता अकरा रेघा आहेत. त्यांच्या खाली भूपालच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: स्टीम कमी.

बापूंच्या पॅनवर एक रिवाज होता. पॅन बिघडला की काय बिघडलं ते बोर्डावर लिहायचं, आणि ते ज्याच्या हातून बिघडलं त्यानेच लिहायचं. साहेबाने नाही, दुसऱ्या पाळीवाल्याने नाही. इतर कारखान्यांतले पॅनमन हसायचे, स्वतःची चूक कोण फळ्यावर मांडतं म्हणून. बापू छाती काढून सांगायचे, आमच्याकडं मांडत्यात.

ते खडू पुढे करतात. "लई ताठ हाईस तू. असावं. मीच केलाय तसा. पर ताठा कशाचा धरायचा, ते शिकवायचं ऱ्हाऊन गेलं माझ्याकडनं. अख्ख्या जिल्ह्यात सांगत फिरलो मी, भूपाल्या माझा हाय म्हनून. अजून सांगतो, तिकडं बी."

"तिकडं कुणाला सांगता?"

"तिकडं काय साखर लागत न्हाई व्हय?"

भूपाल हसतो, आणि हसता हसता त्याची छाती भरून येते. जिवंतपणी बापूंच्या तोंडून एवढं कधी निघालं नव्हतं. तो तळहाताने 'स्टीम कमी' पुसून काढतो. खडू घेतो. त्याच जागी, त्याच वळणदार अक्षरात, मोठं लिहितो: पॅनमनला डुलकी. खाली सही करतो, पूर्ण नावाने.

"आता कसं!" बापू म्हणतात.

आणि पंप थांबतो. या खेपेला लांबतं. बापू बारावी रेघ ओढतात, पण अजून पाना वाजत नाही.

"बापू, खाली कोण हाय?"

"कवापासनं तूच इचारतोयस. उतरून बघ की एकदा!"

भूपाल जिना उतरायला लागतो. पायऱ्या संपत नाहीत, श्वास पुरत नाही, खाली पंपाजवळ कुणीतरी पाठमोरं उभं आहे, हातात पाना आहे, डोक्यावर पदर आहे...

"अहो! अहो, श्वास घ्या!"

दोन्ही खांदे गदागदा हलतायत. भूपाल घशातून मोठा आवाज काढत हवा आत ओढतो. पलंग आहे. काळं कापड कापडच आहे. त्रिशला कडेला बसलीय, मांडीवर मेथीची जुडी, अर्धी निवडलेली, पानं सुकून गेलीत.

"किती वाजलं?"

"तीन."

"म्हंजे मी झोपलो हुतो?"

"झोपतासा कुठलं? बारा खेपा थांबलासा. हलवलं की परत सुरू हुता."

"तू रोज अशी बसतीस?"

"मग काय करू?" ती मेथीची काडी मोडते. "दिवाळीपासनं बसालोय. तुमास्नी सांगून पटत न्हाई."

भूपाल तिच्याकडे बघत राहतो. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलंय, ते त्याला आज दिसतंय. साडेतीन महिने ही बाई त्याच्या प्रत्येक झोपेला पंपाशी उभी होती, आणि तो वरच्या मजल्यावर ताठ मानेने फिरत होता.

कपाळावरचा घाम पुसायला तो हात वर करतो आणि थबकतो. सगळा तळहात पांढराफटक आहे. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांत खडूचा चुरा बसलाय. सन्मतीची शाळा सुटून कितीतरी वर्षं झाली. घरात खडू कुठला?

तो हात पुसत नाही. तसल्याच हाताने फोन उचलतो.

"डॉक्टरसाहेब, मी भूपाल मगदूम, पॅनमन. मी तुमास्नी खोटं सांगितलो हुतो. मी घोरतो. घोरताना श्वास थांबतो माझा. आज बारा वेळा थांबला. लिहून घ्या."

डॉक्टर विचारतात, "गोळी घेतली का?"

"अर्धी काढून ठेवलीया. घेतली न्हाई."

"घेऊ नका. एकही घेऊ नका. उद्या सकाळी या, तपासणीचं बघू. मिसेसना बरोबर आणा. आणि आज पॅनवर चढू नका."

"आज चढत न्हाई. पर कारखान्यात जाणार. साहेबास्नी एका पॅनचं सांगायचं हाय, माझ्या तोंडानं."

फोन ठेवताना त्याचा आवाज जराही पडलेला नाही. साखरेच्या विक्रमी उताऱ्याचा आकडा सांगावा तसा त्याने आपला दोष सांगितलाय. त्रिशला आ वासून बघतेय.

"आसं एकाएकी कुणी शिकवलं तुमास्नी?"

"वस्तादांनी. आता तू पड."

"ह्या वक्ताला? मला कुठली दुपारची झोप?"

"पड म्हनतो न्हवं."

तो तिच्या मांडीवरची मेथी उचलतो, तिला खांद्याला धरून आडवी करतो, उशी सारखी करतो. ती कुरकुरते, भाजीचं काय, भांड्यांचं काय. आणि तेच बोलता बोलता, कुठल्याही गोळीशिवाय, दोन मिनिटांत गाढ झोपून जाते. भूपाल शेजारी बसून मेथी निवडायला घेतो. तिचा श्वास एकसारखा चाललाय, कुठे अडकत नाही. निळ्या पदरावर, खांद्यापाशी, खडूची चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उमटलाय.